तीन गावांचं दूध

दवाखाना मिळाला. सावळी, लिंबाळा आणि खडकवाडी या तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं तो उभा आहे. दगडी जोतं, दोन खोल्या, ओसरीत लांब बाकडं. आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर येतात, कंपाउंडर रोज असतो. माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिला हिवताप भरला, तेव्हा तिथल्याच कडू औषधानं ती उठली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमची मेहनत वाया गेली असं कुणी समजू नये.

तेव्हा निजामाचं राज्य. जिल्ह्याचे मुख्य अंमलदार तालुकदारसाहेब कुस्तीचे मोठे शौकीन. दर चैत्रात जिल्ह्यातल्या एखाद्या गावानं कुस्त्यांची दंगल भरवायची, हैदराबाद-कोल्हापुरापासूनचे पहिलवान बोलवायचे, आणि साहेबांच्या मनासारखी झाली की त्या गावाच्या एका अर्जावर मंजुरीची सही व्हायची. एका गावाला असाच ओढ्यावरचा पूल मिळाला. दुसऱ्याला काहीच मिळालं नाही, कारण तिथं पहिलवानांच्या तळावर पाणी घातलेलं दूध गेलं. चौथ्या दिवशी साठ पहिलवान गाठोडी बांधून निघून गेले आणि साहेब रिकाम्या आखाड्यापुढं खुर्ची टाकून बसले.

एवढी दंगल एकट्या सावळीला पेलणारी नव्हती. माझे सासरे व्यंकटराव सावळीचे पाटील. त्यांनीच लिंबाळ्याला आणि खडकवाडीला निरोप धाडले. तीन पिढ्या एकमेकांची गुरं कोंडवाड्यात घालणारी ही गावं आमच्या ओसरीवर एका जाजमावर बसली. आखाडा सावळीत, आठ दिवसांचा बाजार लिंबाळ्यात, पहिलवानांचा तळ खडकवाडीच्या आमराईत. ज्याला जे मिळेल त्यात बाकीच्या दोघांनी हात घालायचा नाही. आणि दवाखाना तिघांचा, शिवेवर.

दवाखान्याचा अर्ज माझा होता. मी हैदराबादला इंटरपर्यंत शिकलेले, उर्दू चांगली लिहायची. पटवाऱ्याची उर्दू त्याचं त्यालाच वाचता येत नसे. पण मी तो अर्ज अक्षर चांगलं म्हणून लिहिला नव्हता. माझा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा असताना जुलाबानं गेला. त्याला परभणीला न्यायला निघालो होतो. पेडगावच्या ठेसनावर बाकड्यावर बसलो होतो. गाडी आली तेव्हा चढायचं कारण उरलं नव्हतं. आता सात महिन्यांची मुलगी मांडीवर होती. तिला शिंक आली तरी मी ठेसनाचं अंतर मोजत असे.

त्या बैठकीत सगळं जमत आलं आणि दुधावर अडलं. साठ पहिलवान, दहा दिवस, प्रत्येकाला रोज तीन शेर. शिवाय आखाड्याच्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक आणि दूध जिरवावं लागतं, तेव्हा ती मऊ होते. चैत्रात निम्म्या म्हशी आटलेल्या. सासरे म्हणाले, तिन्ही गावांतलं सगळं दूध तळावर जाईल, तरच पुरेल. बेलभंडार उचलायचा.

बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. कोर्टात खोटं बोलणारी माणसंही भंडाऱ्याला हात लावताना घाबरतात.

लिंबाळ्याचे आश्रुबा म्हातारे होते, तिन्ही गावांत त्यांचा शब्द चाले. ते म्हणाले, "समदं दूध म्हंजे समदं का? ज्या घरी माय न्हाई आन् तान्हं लेकरू हाय, ते घर तर सोडा."

"सोडू की," सासरे म्हणाले. "सूनबाई, लिहा तसं."

मी दाराच्या आत, मुलीला पाजत, गुडघ्यावर पाटी ठेवून करारनामा लिहीत होते. मी आतूनच म्हणाले, "मामंजी, एकाला सोडलं की उद्या घरोघर एक बिनमायचं तान्हं निघेल."

ओसरीवर हशा पिकला. खडकवाडीचा कुणी ओरडला, "आमच्या आश्रुबांचीच माय न्हाई, त्यान्ला बी दूध ठिवा!"

आश्रुबाही हसले. "शिकलेली सून हाय बाबा व्यंकटराव. तिच्याम्होरं आपलं काय चालतंय?"

सवलत गळाली. मी पुढं आणखी एक कलम घातलं: ज्या घरानं दूध मागं ठेवलं किंवा त्यात पाणी घातलं, त्या घरचं जनावर दंगल होईपर्यंत तळावर बांधायचं. वाचून दाखवलं तेव्हा सगळे "बराबर हाय" म्हणाले. मला बरं वाटलं. दहा दिवसांचाच प्रश्न होता. लेकरं पेजेवर दहा दिवस काढतात, असं मी बालसंगोपनाच्या पुस्तकात वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळात घरटी एक माणूस भंडार उचलायला आला. आमच्या गावच्या दगडाबाईनंही उचलला. ती विधवा, गावाच्या टोकाला राहणारी. मुलगा नांदेडच्या गिरणीत, सून पौषात बाळंतपणात गेली. नातू तीन महिन्यांचा, एका शेळीच्या दुधावर वाढत होता. ती पान हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मागच्या बाया म्हणाल्या, "चाल की गं, ऊन व्हायलंय." तिनं भंडारा कपाळाला लावला आणि बाजूला झाली.

दूध रोज सकाळी चावडीच्या ओट्यावर जमा व्हायचं. बाया घेऊन यायच्या, म्हणून पारखायला बाईमाणूसच हवं, असं ठरलं. माझ्या सासूबाई नर्मदाबाई आणि मी बसत असू. मुलगी माझ्या मांडीवर. करंगळीनं थेंब घ्यायचा, अंगठ्याच्या नखावर सोडायचा. चांगलं दूध नखावर ठरतं, पाण्याचं ओघळतं. दोन दिवसांत माझी नजर अशी बसली की चरवीत वाकून पाहिलं तरी मला कळे. पारखून झालं की आमचा गडी भुजंग म्हशीचं दूध बैलगाडीनं तळावर नेई. शेळीचं दूध पहिलवान पीत नाहीत. शेळीचं दूध आखाड्याच्या मातीत जाई.

हे दगडाबाईला माहीत होतं. आखाडा तिच्या घराच्या वाटेवरच होता. भुजंग मातीवर दूध ओतायचा आणि चौघं फावड्यानं माती वरखाली करायचे, ते ती नातवाला खांद्यावर घेऊन बघत उभी राही. एकदा तिनं भुजंगाला विचारलं, "ह्या मातीला किती लागतंय रं?"

"माती हाय ती मावशे, नको थोडंच म्हणणार हाय!" भुजंग म्हणाला, आणि चौघं हसले.

चौथ्या दिवशी तिच्या गडव्यातलं दूध ओघळलं.

मी पुन्हा थेंब घेतला. पुन्हा ओघळलं. मागं वीस-पंचवीस बाया उभ्या होत्या, सगळ्यांचे डोळे माझ्या नखावर.

"दगडामावशी, पाणी आहे यात."

"न्हाई बाई. उन्हाळ्याचं शेळीला पाला न्हाई. पातळच उतरायलंय."

"काल पातळ नव्हतं."

तिनं गडव्यावर पदर ओढला. सासूबाईंनी माझ्या कोपराला हात लावला. हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं. शेळीचं पावशेर. मातीतच जायचंय ते."

मी बायांच्या रांगेकडं पाहिलं. तिसरीच्या हातातली चरवी मला ओळखीची होती, त्या घरात दोन लेकरं होती. तिच्या मागचीच्या घरात सासरा खाटेवर होता. हे एक सोडलं की उद्या सगळं दूध ओघळणार. परवा पहिलवान गाठोडी बांधणार. पेडगावचं बाकडं डोळ्यांपुढं आलं आणि मी हाक मारली, "भुजंग."

भुजंगानं शेळी सोडून आणली तेव्हा दगडाबाई तिच्या मागं मागं चालत आमराईपर्यंत गेली. तिनं भांडण केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. भंडार मोडला होता, तिला बोलायला तोंड नव्हतं. तळावरचा एक पहिलवान शेळी बघून म्हणाला म्हणे, "हिच्याशी कुणाची जोड लावली?" दुसऱ्या दिवसापासून एका बाईनंही दुधात पाणी घातलं नाही. सासरे जेवताना म्हणाले, "सूनबाईनं दंगल वाचवली." मी पदर सावरून खाली बघितलं. मला त्या शब्दांचा आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू?

सहाव्या दिवशी दुपारी दगडाबाई आमच्या मागच्या दारात आली. नातू पदरात गुंडाळलेला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, टाळू खोल गेली होती. मला दुरूनच दिसलं. ते मी आधी एकदा पाहिलेलं होतं.

"पेज देता का?" मी विचारलं.

"देते. टिकत न्हाई पोटात. समदं खालून जायलंय." ती उंबऱ्याबाहेर बसली. "दूध मागायला न्हाई आले बाई. दुधाचा भंडार उचललाय म्या. पर तुमच्या अंगावर हाय. तुमची चोळी भिजलेली दिसती रोज वट्यावर. एक येळ पाजा. सकाळची एक येळ."

सासूबाई आतून आल्या. त्यांनी पोराकडं पाहिलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट बोलल्या. "पाज गं. अंगावरच्या दुधाचा भंडार कुणी उचलला न्हाई. करारात ते कुठं लिवलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या मांडीवर माझी मुलगी पिता पिता झोपली होती. ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळ्यावर उतरलं होतं. मी तिचं तोंड पुसलं. दगडाबाईच्या पदरातून तो वास येत होता, आंबूस, जुलाबाचा. त्या वासाचं लुगडं मी पेडगावहून आल्यावर जाळून टाकलं होतं.

"आत्याबाई, हा रोग लागतो," मी म्हणाले. "त्याच्या तोंडातून मला, माझ्यातून हिला. पुस्तकात लिहिलंय."

"मग पिळून दे वाटीत."

"उरत नाही मला तेवढं."

सासूबाई माझ्या चोळीकडं बघत राहिल्या. मग आत निघून गेल्या. त्यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं ते तीन दिवस.

दगडाबाईला मी मूठभर जोंधळ्याचं पीठ दिलं आणि पाणी उकळून पाजायला सांगितलं. तिनं पीठ पदरात घेतलं. उठताना म्हणाली, "उकळते. डागदर आला की दाखवते." यात टोमणा होता की नव्हता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचे तीन दिवस मी तिच्या घराकडं बघत असे. गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्तानं चढले की तिच्या छपरातून धूर दिसे. धूर दिसला की बरं वाटे.

दहाव्या दिवशी दंगल. पहाटेपासून माणसं यायला लागली. बैलगाड्यांची रांग लिंबाळ्यापर्यंत गेली होती. जिंतूर-सेलूकडची माणसं आली, पेडगावला आगगाडीतून उतरून माणसं चालत आली. लिंबाळ्याच्या बाजारात चिवड्याचे ढीग, खडकवाडीच्या आमराईत पहिलवानांच्या अंगाला तेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिन्ही गावांचे फेटे एका रांगेत बसले होते. सासऱ्यांनी आश्रुबांना मिठी मारली, आश्रुबांचे डोळे भरले. साहेबांची मोटार दुपारी येणार होती.

बारा वाजायच्या सुमाराला भुजंग मागच्या दारानं आत आला. सासरे फेटा बांधत होते. तो त्यांच्या कानाशी बोलला, पण मला ऐकू आलं.

"दगडाबाईचं लेकरू गेलं."

सासऱ्यांचे हात फेट्यावरच थांबले.

गावात मढं असताना आमच्याकडं हलगी वाजत नाही. आखाड्याला नारळ फुटत नाही. चूलसुद्धा पेटत नाही, मग ते मढं पाटलाचं असो की तीन महिन्यांच्या पोराचं. रडण्याचा आवाज आला की गावाला कळलं, आणि गावाला कळलं की सगळं थांबलं. बाहेर दहा हजार माणूस बसलं होतं.

आश्रुबांना बोलावलं. ते जाजमावर बसले, काठी आडवी ठेवली. मग म्हणाले, "रडं ऐकू आलं न्हाई अजून, म्हंजे आपल्याला ठावं न्हाई. शेवटची जोड सुटली की ठावं होईल."

"आन् म्हातारी गप बसंल?" भुजंग म्हणाला.

सासऱ्यांनी आणि आश्रुबांनी माझ्याकडं पाहिलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, तुम्ही जाऊन बसा तिच्यापाशी. बाया तुमचं ऐकतात."

मी मुलीला घेऊन गेले. मांडीवर लेकरू असलं की मला धीर येतो. रस्ता रिकामा होता, सगळं गाव आखाड्याकडं. दगडाबाईचं दार पुढं केलेलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, नातू मांडीवर, स्वच्छ पुसलेला, काजळ घातलेलं. तिचे डोळे कोरडे होते. मी दार लावून घेतलं आणि होता होईल तेवढी लांब बसले.

"मावशी, आत्ता रडू नका."

"रडले का म्या?"

"नाही. पण नका. शेवटची कुस्ती होईपर्यंत."

"किती येळ?"

"दिवस मावळायच्या आत होईल."

तिनं मान हलवली. आम्ही बसलो. हलगी सुरू झाली. नारळ फुटल्याचा आवाज आला नाही, पण माणसांची गर्जना आली, त्यावरून कळलं. मग मोटारीचा आवाज, मग पुन्हा गर्जना. एकेक जोड सुटत होती. माझी मुलगी गर्जनेला दचकायची, मग हसायची. दगडाबाई तिच्याकडं बघायची. मी तिला दुसऱ्या मांडीवर घेतलं, तोंड माझ्याकडं करून.

ऊन दारातल्या फटीतून आत सरकलं तेव्हा ती बोलली. "तान्हं पुरताना तोंडात अंगावरचं दूध घालत्यात. मायचं. न्हाईतर ते भुकेलं फिरतंय. ह्याला माय न्हाई."

मी मुलीच्या अंगावर पदर ओढला.

"आता काई लागायचं न्हाई तुमाला त्याचं. गेलंय ते."

"मावशी, माझी मुलगी लहान आहे."

"व्हय. सात म्हैन्याची." तिनं नातवाची कुंची नीट केली. आवाज चढवला नाही. "घालत असलात तर घाला. न्हाईतर म्या आता टाहो फोडते. दारात जाऊन. म्हंजे कळंल साहेबाला बी."

बाहेर हलगीची चाल बदलली होती. शेवटची जोड लागली होती. तिन्ही गावांचा दवाखाना तेवढ्या वेळाच्या अंतरावर होता, आणि ती पदर खोचून उठायला लागली होती.

मी मुलीला खाली गोधडीवर ठेवलं. पुढं सरकले. चोळीची गाठ सोडली. मला वाटलं होतं, भीतीनं आटलेलं असेल, एखादा थेंब येईल, तो त्याच्या ओठाला लावीन आणि मागं सरेन. बोट लावलं मात्र, धारा सुटल्या. एक नव्हे, पाच-सहा. त्याच्या ओठांवर पडलं, तोंड भरलं, भरून गालांवरून वाहिलं, काजळात मिसळून कानात गेलं. दगडाबाईच्या लुगड्यावर ओल पसरली. मी पदर दाबून धरला तरी थांबेना.

दगडाबाई वाकून बघत होती.

"लय हाय की बाई तुमाला," ती म्हणाली.

गोधडीवर माझी मुलगी रडायला लागली. मला काहीतरी करायला हवं होतं. मी तिला उचललं, हात लुगड्याला दहादा पुसले आणि छातीशी धरलं. ती गटागटा पिऊ लागली.

त्याच वेळी बाहेर असा आवाज उठला की छपरातली माती गळली. कुणीतरी चितपट झालं होतं. हलगी, शिट्या, साहेबांच्या नावाचा जयजयकार. थोड्या वेळानं दाराबाहेर भुजंगाची धापा टाकणारी हाक आली, "वैनी! निकाली झाली! साहेब खूष! सही झाली म्हणायलेत. आता मोकळी करा म्हातारीला."

मी दगडाबाईकडं पाहिलं. "मावशी, आता रडलात तरी चालेल."

तिनं पदराच्या टोकानं नातवाचा कान पुसला, मान पुसली. मग माझ्या मुलीकडं बघितलं. ती डोळे मिटून पीत होती.

"थांबा," ती म्हणाली, "हिचं पिऊन होऊ द्या आधी. दचकंल लेकरू."